हवेतली दवंडी

माझ्या लहानपणी आमच्या घरात रेडिओचा परवाना होता. एक छोटेसे पुस्तक. वडील दरवर्षी ते घेऊन पोस्टात जात, शुल्क भरत आणि शिक्का मारून आणत. "नुसतं ऐकायला कसले पैसे?" असे मी एकदा विचारले होते. वडील म्हणाले, "सरकारला ऐकणाऱ्याचीही नोंद लागते." पुढे कळले की १९३३ च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी ॲक्टनुसार बिनतारी यंत्र नुसते बाळगायलाही परवाना लागे, मग ते यंत्र बोलणारे असो की फक्त ऐकणारे. १९८० च्या दशकात घरगुती रेडिओपुरती ही सक्ती संपली. पुस्तक मात्र आजही आमच्या कपाटात आहे.

ते पुस्तक मला पुन्हा आठवण्याचे कारण असे की, गेली काही वर्षे मी साताऱ्यातल्या माझ्या घरात बसून एका वेगळ्या प्रकारचे बिनतारी बोलणे ऐकतो आहे. मी अभियंता नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, एका पतसंस्थेत हिशेबनीस, आणि पंचेचाळिशीनंतर हौसेने शिकलेली संगणकाची भाषा, एवढेच माझे भांडवल. या ऐकण्यातून मला जे समजले ते प्रस्तुत लेखात मांडत आहे. त्यातला काही भाग तांत्रिक आहे आणि काही भाग माझ्या हातून घडलेल्या चुकीचा आहे. दोन्ही एकमेकांशिवाय सांगता येत नाहीत.

दवंडी म्हणजे काय?

कानात घालायचे इअरफोन, मनगटावरचा पट्टा, रक्तदाब मोजायचे यंत्र, किल्लीला अडकवलेली शोधपट्टी, टीव्ही, श्रवणयंत्र, वजनकाटा. यांतली बरीच यंत्रे 'ब्लूटूथ लो एनर्जी' या पद्धतीने बोलतात. तिची सुरुवात नोकियाने २००६ मध्ये 'वायब्री' या नावाने जाहीर केली आणि २०१० मध्ये ती ब्लूटूथच्या चौथ्या आवृत्तीत सामील झाली. ब्लूटूथ हे नावही मुळात तात्पुरतेच होते. दहाव्या शतकातल्या हॅराल्ड ब्लूटूथ या डॅनिश राजाचे नाव इंटेलच्या जिम कार्डाक यांनी कामापुरते सुचवले, पण ते पुढे कायम राहिले.

या पद्धतीत दोन यंत्रांची जोडी जमण्याआधी एकाला आपण आहोत हे सांगावे लागते. त्यासाठी ते ठरावीक वेळाने एक लहानसा संदेश हवेत सोडते. तंत्रज्ञ याला 'ॲडव्हर्टाइजमेंट' म्हणजे जाहिरात म्हणतात. मला त्यासाठी 'दवंडी' हा शब्द अधिक नेमका वाटतो. दवंडी कोणा एकाला उद्देशून नसते. गावात जो असेल त्याच्या कानावर ती पडते, आणि कोणी ऐकली हे दवंडी पिटणाऱ्याला कळत नाही.

ही दवंडी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात दिली जाते. त्या पट्ट्याच्या ४० वाहिन्या पाडलेल्या आहेत. त्यांतल्या ३७, ३८ आणि ३९ या तीन मुख्यतः दवंडीसाठी राखलेल्या आहेत. त्या २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्झवर बसवल्या आहेत, म्हणजे वाय-फायच्या नेहमीच्या वाहिन्यांशी शक्यतो टक्कर होऊ नये. दोन दवंड्यांमधले अंतर सेकंदाच्या पन्नासाव्या भागापासून दहा सेकंदांहून थोडे अधिक इतके असू शकते. त्यात दर वेळी थोडासा यादृच्छिक विलंब मिसळतात. तो नसता तर एकाच तालावर चालणारी दोन यंत्रे एकमेकांचा आवाज सतत बुडवत राहिली असती.

मूळच्या पद्धतीत मजकुराला जागा फक्त ३१ बाइटची. मराठी वाचकांना ही जागा किती अपुरी आहे ते एका उदाहरणाने सांगतो. संगणकात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, अनुस्वार, हलन्त, तीन बाइट घेते. 'स्वयंपाकघर' या शब्दात अशी दहा चिन्हे आहेत, म्हणजे ३० बाइट. मजकुराची लांबी आणि प्रकार सांगायला आणखी दोन लागतात. झाले ३२. आपल्या यंत्राला 'स्वयंपाकघर' असे नाव दिले तर ते एका दवंडीत मावत नाही.

एवढ्या जागेत यंत्र काय सांगते? कधी नाव, कधी आपण कोणत्या प्रकारची सेवा देतो त्याचा क्रमांक, कधी बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक आणि त्यापुढे त्या कंपनीचा स्वतःचा मजकूर. एरिक्सनचा क्रमांक शून्य, मायक्रोसॉफ्टचा ६, ॲपलचा ७६. शिवाय प्रत्येक दवंडीसोबत यंत्राचा सहा बाइटचा पत्ता असतो. हा पत्ताच या लेखाचा खरा विषय आहे.

खिडकीतून दिसणारे

मी हे सगळे कसे ऐकतो? संगणकाच्या आतल्या बिनतारी चकतीशी सामान्य माणसाला थेट बोलता येत नाही. त्यासाठी एपीआय लागते, म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्यासाठी ठेवलेली ठरावीक मागण्यांची सोय. पोस्टाच्या खिडकीसारखीच ती असते. आत काय चालले आहे ते आपण पाहत नाही. ठरलेल्या नमुन्यात मागणी करायची आणि खिडकी जे देईल ते घ्यायचे. माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. पायथन या संगणकभाषेतली 'ब्लीक' नावाची मोफत लायब्ररी मी वापरतो. वीसेक ओळींचा प्रोग्राम पुरतो. त्यात मी सांगतो की, ऐकायला सुरुवात कर आणि दवंडी कानावर पडली की मला हाक मार. मग प्रत्येक हाकेसोबत पत्ता, असल्यास नाव, कंपनीचा क्रमांक व मजकूर, आणि आवाज किती जोरात ऐकू आला याचा आकडा येतो.

हा शेवटचा आकडा उणे असतो. हाताच्या अंतरावरचे यंत्र साधारण उणे ४० दाखवते, ऐकू येण्याच्या सीमेवरचे उणे ९० च्या आसपास. दर दहा अंकांना शक्ती दहापट बदलते, म्हणजे उणे ६० आणि उणे ९० यांत हजारपटीचा फरक असतो. मात्र यावरून अंतर मोजायला गेल्यास फसगत होते. मधे भिंत आली, लोखंडी कपाट आले, एवढेच काय पण माणूस उभा राहिला तरी आकडा उतरतो, कारण शरीरातले पाणी या लहरी शोषते.

सगळ्या खिडक्या सारखे देत नाहीत. आयफोनवर ॲपला यंत्राचा खरा पत्ता मिळतच नाही, त्या फोनने आपल्यापुरते बनवलेले वेगळे नाव मिळते. अँड्रॉइडने २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून असे ऐकणाऱ्या ॲपला स्थान पाहण्याची परवानगी मागायला लावले. मनगटी पट्ट्याच्या ॲपला माझे स्थान कशाला हवे, असा राग तेव्हा अनेकांना आला. पण कारण रास्त होते. दुकानात, संग्रहालयात भिंतीवर बसवलेली, सतत एकच दवंडी देणारी यंत्रे असतात. ती ऐकू आली की ऐकणारा कुठे उभा आहे ते कळते. २०२१ च्या बाराव्या आवृत्तीत या कामासाठी 'जवळपासची डिव्हाइस' अशी वेगळी परवानगी आली. क्रोम ब्राउझरमध्ये एखाद्या वेबपानालाही अशी दवंडी ऐकण्याची सोय आहे, पण ती प्रायोगिक आहे, मुद्दाम चालू करावी लागते, वापरणाऱ्याची संमती घ्यावी लागते, आणि पानाला खरा पत्ता दिला जात नाही.

माझ्या लिनक्सच्या खिडकीवर असली बंधने जवळजवळ नव्हती. शिवाय एक गोष्ट मला पहिल्या आठवड्यात माहीतच नव्हती. मी समजत होतो की मी फक्त ऐकतो आहे. वास्तविक ऐकण्याच्या दोन रीती आहेत. निष्क्रिय रीतीत यंत्र केवळ कान देते. सक्रिय रीतीत दवंडी ऐकल्यावर ते उलट विचारते, "आणखी काही सांगायचे आहे का?" आणि समोरचे यंत्र जादा मजकूर पाठवते. त्या लायब्ररीची आपोआप निवडली जाणारी रीत सक्रिय आहे. म्हणजे आठवडाभर माझा लॅपटॉप इमारतीतल्या प्रत्येक यंत्राला प्रश्न विचारत होता, आणि मी स्वतःला मूक श्रोता समजत होतो.

वही

आमची सोसायटी चार मजल्यांची, आम्ही दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. मी लॅपटॉप दिवाणखान्यात चालू ठेवला आणि सगळ्या दवंड्या एका तक्त्यात साठवू लागलो. हिशेबनिसाला तक्त्याचे वेड असतेच.

पहिल्याच दिवशी शेकडो पत्ते जमा झाले तेव्हा मी चकित झालो. एवढी यंत्रे आमच्या आळीत कुठून आली? उत्तर असे की तेवढी नव्हतीच. बहुतेक फोन आपला पत्ता थोड्या थोड्या वेळाने बदलतात, सामान्यतः पंधरा मिनिटांनी. एकच फोन दिवसभर बोलत राहिला तर त्याची ९६ नावे माझ्या वहीत येणार. या बदलत्या पत्त्याची रचना सुरेख आहे. ४८ बिटांपैकी निम्मा भाग जवळपास पूर्णपणे यादृच्छिक असतो आणि उरलेला निम्मा, तो यादृच्छिक भाग आणि एक गुप्त किल्ली यांचे गणित करून काढलेला. ज्याच्याशी जोडी जमलेली आहे त्याच्याकडे ती किल्ली असते. तो गणित करून पाहतो आणि ओळखतो की हे आपलेच माणूस. इतरांना दर पंधरा मिनिटांनी नवा अनोळखी इसम दिसतो.

पण काही पत्ते वहीत रोज तेच दिसत होते. एक टीव्ही, एक वजनकाटा आणि एक मनगटी पट्टा.

पट्ट्याने आपले नावही सांगितले होते, मॉडेलचे नाव आणि पुढे काही अंक. रोज पहाटे पावणेसहाच्या सुमारास त्याचा आवाज वाढत जाई, आमच्या दारापाशी सर्वांत मोठा होई आणि मग विरून जाई. तासाभराने उलट क्रम. त्याच वेळी जिन्यात चपलांचा आवाज येई. वरच्या मजल्यावरच्या वहिनी फिरायला जातात हे आम्हाला माहीत होते. पट्टा कोणाचा हे ओळखायला संशोधक असण्याची गरज नव्हती.

खरे तर पट्टा फोनशी जोडलेला असताना बहुधा दवंडी देत नाही. त्याला त्याचे माणूस मिळालेले असते. वहिनी मात्र बॅटरी वाचावी म्हणून फोनमधले ब्लूटूथ बंद ठेवत आणि रात्री तेवढे चालू करत. म्हणून पट्टा दिवसभर आपल्या फोनला हाका मारत राही, आणि त्या हाका मी लिहून ठेवत होतो.

तिसऱ्या आठवड्यात तक्ता बदलला. पट्टा रात्री नऊला खाली उतरे आणि सकाळी सहाला वर जाई. सलग चार रात्री. मी त्याचा आलेख काढला. सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला आलेख किती स्वच्छ आला याचाच आनंद झाला होता. जेवताना मी पत्नीला सहज म्हणालो, "वहिनींकडचं कोणीतरी दवाखान्यात आहे वाटतं. रात्री सोबतीला जातायत."

ती हातातला घास थांबवून म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

मला उत्तर देता आले नाही. कोणीच सांगितले नव्हते. दोन दिवसांनी पत्नीला बाहेरून कळले की वहिनींच्या सासूबाईंना दवाखान्यात ठेवले होते. घरात मुलीच्या स्थळांची बोलणी चालू होती. आजारपणाचा बोभाटा नको म्हणून त्यांनी सोसायटीत कोणालाही सांगितले नव्हते. जे त्यांनी जाणीवपूर्वक झाकले होते ते माझ्या वहीत तारीखवेळेसह लिहिलेले होते.

सासूबाई घरी आल्यावर मी वर गेलो आणि वहिनींना सगळे सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "भावजी, तुम्ही आपले आहात म्हणून येऊन सांगितलंत. जो सांगणार नाही त्याचं काय?" आणि नंतर, "हे बंद कसं करायचं ते दाखवा." पट्ट्याच्या ॲपमध्ये दवंडी थांबवायची सोय नव्हती. उपाय उलटाच निघाला. फोनमधले ब्लूटूथ चालू ठेवून पट्टा सतत जोडलेला ठेवला की तो गप्प बसतो. त्या दिवसापासून तो माझ्या तक्त्यातून नाहीसा झाला. मीही त्याच संध्याकाळी वही पुसली.

नाव बदलणे कोणासाठी?

या प्रसंगानंतर मी या विषयावर इतरांनी काय शोधले ते वाचायला घेतले. पत्ता बदलला की प्रश्न सुटला, इतके ते सोपे नाही. २०१९ मध्ये बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले की विंडोज १० आणि ॲपलच्या काही यंत्रांत पत्ता बदलतो, पण त्याच क्षणी दवंडीतला मजकूर बदलत नाही. टोपी बदलली आणि सदरा तोच राहिला, तर पाठलाग करणाऱ्याला सदरा पुरतो. २०२२ मध्ये सॅन डिएगो इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटाने दाखवले की प्रत्येक बिनतारी चकतीत घडणीतले बारीक दोष असतात, आणि त्यांच्या आधारे काही यंत्रे आवाजावरून ओळखता येतात. जसा गळ्याचा आवाज, तसा हा यंत्राचा.

याच दवंडीचा भल्यासाठीही उपयोग झालेला आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये ॲपल आणि गूगल यांनी कोविड रुग्णाच्या सान्निध्यात आलेल्यांना सावध करण्याची योजना जाहीर केली. तिच्यात प्रत्येक फोन बदलते अंक हवेत सोडी, दुसऱ्यांचे अंक स्वतःजवळच ठेवी आणि जुळणीही आपल्यापाशीच करी. वही होती, पण ती एका ठिकाणी गोळा होत नव्हती. आपल्याकडचे आरोग्य सेतू त्याच महिन्यात आले. त्यात ब्लूटूथच्या जोडीला जीपीएसही होते, आणि त्यावरून खासगीपणाचा मोठा वाद झाला.

सर्वांत गुंतागुंतीचा प्रकार किल्लीला अडकवायच्या शोधपट्ट्यांचा. ॲपलने एअरटॅग २०२१ मध्ये आणला. हरवलेली पिशवी सापडावी म्हणून बनवलेली ही वस्तू कोणाच्या नकळत त्याच्या पिशवीत टाकून पाळत ठेवायला वापरल्याच्या तक्रारी आल्या, त्यांत स्त्रियांच्या मोठ्या प्रमाणावर होत्या. मग २०२३ मध्ये ॲपल आणि गूगल यांनी मिळून एक मसुदा तयार केला, आणि २०२४ च्या मे महिन्यापासून दोन्ही प्रकारचे फोन, अनोळखी शोधपट्टी आपल्याबरोबर फिरते आहे, असा इशारा देऊ लागले. या मसुद्यात एक विचार करण्यासारखी तरतूद आहे. पट्टी मालकाजवळ असताना तिने दर पंधरा मिनिटांनी नाव बदलायचे, पण मालकापासून दूर गेली की दिवसभर एकच नाव ठेवायचे. कारण नाव भराभर बदलले तर ज्याच्या पिशवीत ती टाकली आहे त्याच्या फोनला, ही तीच पट्टी आहे, हे ओळखता येणार नाही. नाव लवकर बदलले तर मालक सुरक्षित राहतो, उशिरा बदलले तर पाठलाग होणारा. कोणाला कशापासून वाचवायचे हे आधी ठरवावे लागते.

कायदा आणि आपण

आपल्या देशात २.४ गिगाहर्ट्झचा हा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. तो नियम यंत्राने किती शक्तीने बोलावे आणि इतरांना व्यत्यय आणू नये याविषयी आहे. कानावर पडलेल्याची वही ठेवावी की नाही, हा त्याचा विषय नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले. त्यानंतर २०२३ मध्ये व्यक्तिगत डिजिटल विदेच्या संरक्षणाचा कायदा आला. पण एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या विदेला तो लागू होत नाही. मी घरी बसून हौसेने ठेवलेला तक्ता बहुधा याच सवलतीत बसला असता. म्हणजे मला अडवणारे माझ्याशिवाय कोणी नव्हते.

मी यातून जे समजलो ते असे. दवंडी एकदा ऐकली तर तिच्यात लपवण्यासारखे काहीच नसते. एक पट्टा इथे आहे, एवढेच ती सांगते. जिन्यात भेटलेल्या माणसाला पाहणे हा काही गुन्हा नाही. पण तो कितीला गेला, कितीला आला हे रोज लिहून ठेवायला बसलो की त्याच साध्या गोष्टीची पाळत होते. ऐकण्याच्या खिडकीवर परवानग्या बसवण्याचे काम कंपन्यांनी बऱ्यापैकी केले आहे. वहीवर मात्र कोणाचा शिक्का नाही.

मी ऐकणे सोडलेले नाही. प्रोग्राम मात्र पुन्हा लिहिला. तो आता निष्क्रिय रीतीने ऐकतो. पत्ते संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत पंधरा मिनिटे राहतात आणि पुसले जातात. कायमच्या तक्त्यात फक्त संख्या जाते, म्हणजे या पाव तासात कायम पत्त्याची यंत्रे किती आणि बदलत्या पत्त्याची किती. कायम पत्त्यांचे प्रमाण हळूहळू घटते का, एवढाच माझा आता प्रश्न आहे, आणि त्यासाठी कोणाच्या जाण्यायेण्याची गरज लागत नाही.

वाचकांना हे स्वतः पाहायचे असेल तर फोनवर ब्लूटूथ स्कॅनर प्रकारची ॲप मिळतात. आपल्या घरातली सगळी यंत्रे चालू करून, शक्यतो शेजाऱ्यांपासून दूर, गावच्या घरी किंवा शेतावर बसून पाहा. कोणते यंत्र आपले खरे नाव सांगते, कोणाचा पत्ता दुसऱ्या दिवशीही तोच असतो, ते टिपा. नवा पट्टा किंवा श्रवणयंत्र घेताना दुकानदाराला विचारा की हे पत्ता बदलते का. त्याला बहुधा सांगता येणार नाही, पण गिऱ्हाईक विचारू लागले की प्रश्न पुढे पोचतो.

आणि तक्ता ठेवायचाच मोह झाला, तर माझ्या पत्नीने विचारलेला प्रश्न प्रत्येक रकान्यापुढे स्वतःला विचारा: "तुम्हाला कोणी सांगितलं?" उत्तर देता येत नसेल तर तो रकाना आखू नका.